बिनआवतणाचा दिवस

परदेश बघून आलेल्या माणसांचा मला एकूणच वैताग आहे. दोन दिवस ती इथल्या धुळीला नाकं मुरडतात आणि तिसऱ्या दिवसापासून आपल्याला सुधारायला निघतात. सिद्रामप्पाही पोलंडहून सुधारणा घेऊनच आले, पण ती इतकी तिरपागडी होती की तिच्यावर रागवावं कसं तेच आम्हाला कळेना. त्यांनी आपल्या दाराच्या आत पाहुण्यांसाठी चपलांचे चार जोड मांडले. गिरणीतल्या चिंध्यांच्या चपला, तळाला गोणपाट आणि वर निळ्या सुताची टीप. बाहेरचं पायताण बाहेर काढायचं आणि घरात शिरताना या चपला घालायच्या. तिकडं म्हणे घरोघरी असतात, पाहुण्याचे पाय गार पडू नयेत म्हणून. आता सोलापुरात, वैशाखात, पाय गार कुणाचे पडणार होते?

"वैनी, घाला की," ते मला म्हणायचे आणि मी मुकाट्यानं घालायचे. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, शेजाऱ्यांना नाही म्हणायची अजून सवय नव्हती. सासूबाई मात्र उंबऱ्यावर थांबल्या. "सिद्राम, उभ्या जन्मात मी चुलीपुढं पायात घालून गेले न्हाई. आता तुझ्या पोलंडसाठी जाऊ व्हय?" सिद्रामप्पांनी जरा विचार केला, एक जोड उचलून कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, "हा मावशींचा." त्या जोडाला सासूबाईंचा पाय कधी लागला नाही, आणि दुसऱ्या कुणाला त्यांनी तो घालू दिला नाही.

आमची चाळ गिरणीची होती. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मध्ये अंगण आणि सगळ्यांत मिळून एक नळ. आमच्या एका बाजूला सिद्रामप्पा आणि त्यांच्या बायको महादेवीबाई, दुसऱ्या बाजूला टांगेवाल्याची चाँदबी. माझे यजमान गिरणीच्या हापिसात कारकून होते आणि सिद्रामप्पा विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागांवर आणि माग चालवणाऱ्यांवर देखरेख करणारे. गिरणीनं पोलंडमधल्या एका कारखान्याकडून नक्षी काढणारे माग मागवले, तेव्हा कुणीतरी तिथं राहून, काम करून, ते जोडायला शिकून यावं असं ठरलं. सिद्रामप्पांना मूलबाळ नव्हतं. विचारल्यावर ते "जातो की" एवढंच म्हणाले, अक्कलकोटला निघाल्यासारखं. दीड वर्ष राहिले. त्या गावाचं नाव ते 'वुच' असं सांगायचे. ते सगळं गावच गिरण्यांचं. "आपलं सोलापूरच हाय ते," ते म्हणायचे, "निस्तं बर्फात नेऊन ठिवलंय."

माणूस उंचापुरा, पण मागावर वाकून वाकून खांद्यात बाक आलेला. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं साधं "पाणी द्या" म्हणायचं तरी ते ओरडून म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं भांडण लागलंय. पोटात मात्र काही नसायचं. चहा काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा, वर लिंबाची चकती टाकून. भाकरीचा तुकडा खाली पडला तर आपण उचलून कपाळाला लावतो, ते ओठाला लावायचे. कुणी टक लावून बघितलं की जरा लाजायचे. "तिकडची खोड," म्हणायचे. पण सोडायचे नाहीत.

त्यांच्या पोलंडचा आम्हाला खरा उपयोग व्हायचा उन्हाळ्यात. खोल्यांचे पत्रे दिवसभर तापलेले, रात्रीचं जेवण अंगणात, अंगाची नुसती काहिली. अशा वेळी चाँदबी आपल्या बाजेवरून म्हणायची, "अप्पा, जरा ठंडी बोलो ना." की सगळे सरकून बसायचे. मग सिद्रामप्पा आपल्या त्या खड्या आवाजात थंडी सांगायचे. कामावरून परत येताना मिशा कशा कडक होतात. नळाचं पाणी नळातच कसं थिजतं. खिडक्यांना काचांची दोन-दोन तावदानं असतात आणि थंडी आत येऊ नये म्हणून दोन काचांच्या मध्ये चक्क कापूस भरून ठेवतात. हे ऐकून विणाई खात्यातली माणसं हळहळायची, एवढा कापूस फुकट. "फुकट कसा?" सिद्रामप्पा ओरडायचे. "त्याच्यामुळं मी जित्ता हाय की." मला तर खरोखर गार वाटायचं. पदर अंगाभोवती घेतल्याचंही आठवतं.

आणि या सगळ्या थंडीत एकच ऊब होती, ती म्हणजे बार्बराबाई. त्यांची घरमालकीण. विधवा, साठीच्या पुढची, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक सिद्रामप्पांना दिलेली. तिचा एकुलता मुलगा चौदा सालच्या लढाईत गेला होता, आणि तो कुठं पुरला हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं. सिद्रामप्पा मांस-मासळी खात नाहीत हे कळल्यावर तिनं पहिल्यांदा कपाळाला हात लावला आणि मग बटाटा, कोबी आणि लाल बीट यांचं जे जे होईल ते ते करून घातलं. पहिल्याच थंडीत यांच्या छातीत कफ दाटला. ताप डोक्यात गेला. तर या बाईनं पाठीवर गरम पेले चिकटवले, आपल्याकडं तुंबड्या लावतात ना, तसेच. "मी म्हनलं, एवढ्या लांब येऊन तुंबडीच लावून घ्यायची व्हती तर आपला पेठेतला म्हातारा काय वाईट व्हता," असं सांगून ते हसायचे. पण ती चार दिवस उशाशी बसून होती, हे सांगताना हसायचे नाहीत. निघायच्या दिवशी ते तिच्या पाया पडायला वाकले, तर तिला वाटलं याला चक्कर आली. तिनं दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि खुर्चीत बसवून पाणी पाजलं. तो नमस्कार राहिला तो राहिलाच.

ते परत आले त्या वर्षी, डिसेंबरच्या चौथ्या तारखेला, महादेवीबाईंच्या चुलीवर सकाळपासून मोठं पातेलं चढलं होतं. आत बटाटा भरलेले, उकडलेले कानवले. त्यांनी वीस माणसांचा अंदाज धरला होता. संध्याकाळी भोंगा झाल्यावर सिद्रामप्पा धुतलेलं धोतर, कोट, पटका असा पोशाख करून दारात बसले. आम्ही आपापल्या दारांतून बघतोय. माझ्या यजमानांनी विचारलंसुद्धा, "सिद्रामप्पा, कुठं निघालात का?"

"न्हाई, घरीच हाय."

दिवेलागण झाली तरी हे तसेच बसलेले. शेवटी महादेवीबाई मागच्या दारानं आमच्याकडं आल्या आणि सासूबाईंजवळ रडायलाच लागल्या. म्हणाल्या, एवढं केलं आणि एक माणूस आलं नाही, हे तर तोंडातून शब्द काढत नाहीत. सासूबाई तडक गेल्या, मी मागून.

"कसलं जेवण म्हनायचं हे?"

"आज बार्बराबाईचा दिवस हाय, मावशी. तिच्या नावाचा. तिकडं परत्येक नावाला एक दिवस असतो, त्या दिवशी लोक येतात."

"मग आवतण दिलंस का कुणाला?"

"द्यायचं नसतंय. ज्याला आठवण असल त्यानं आपन होऊन यायचं."

"आरं, पन आमाला कुठनं आठवण असायची त्या बाईची?" सासूबाईंचा आवाज चढला. "आन बिनआवतणाचं मानूस जातंय कुठं? मयताच्या घरी. तुझ्या दारात काय मयत झालंय व्हय?"

सिद्रामप्पांचा चेहरा असा झाला, की मला सासूबाईंचा राग आला. सासूबाईंनाही ते कळलं असावं. त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि साऱ्या चाळीला हाका मारल्या. गार झालेले कानवले आम्ही शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ले. फार काही चवीचे नव्हते, पण उरू दिले नाहीत.

त्याच जेवणात सिद्रामप्पांनी आपल्या स्वतःच्या दिवसाची गोष्ट सांगितली. बार्बराबाईच्या भिंतीवरच्या पंचांगात सगळी नावं होती, फक्त सिद्राम नव्हतं. कारखान्यातले जोडीदार चिडवायचे की याला दिवसच नाही. बाईला ते खपेना. तिनं खोदून खोदून विचारलं, तुझं नाव ज्याच्यावरून ठेवलंय त्याची जत्रा कधी असते? यांनी सांगितलं, संक्रांतीला, आमच्या सिद्धेश्वराची. बाईनं पंचांगात खूण केली आणि विषय तिथंच संपला. पुढं संक्रांतीच्या दिवशी हे आपले सोलापूरची जत्रा आठवत खोलीत बसलेले. आता नंदीध्वजाच्या काठ्या निघाल्या असतील, आता तळ्यापाशी गर्दी झाली असेल. तेवढ्यात दार वाजलं. एक जोडीदार, मग दुसरा, मग बायकापोरं घेऊन चौघं. बर्फ झटकत येताहेत, यांचा हात हातात घेताहेत. यांच्या खोलीत चहाची पूडसुद्धा धड नाही. लाजून मरायची वेळ. आणि बार्बराबाई शेजारच्या खोलीतून ताटं भरभरून आणतेय, कारण लोक येणार हे तिला माहीत होतं. "मी त्यांच्यात एवढा हाय," सिद्रामप्पा म्हणाले, "हे मलाच ठाव नव्हतं की, मावशी."

यावर सासूबाईंनी आणखी दोन कानवले मागून घेतले, इतकंच.

पुढच्या वर्षी चार डिसेंबर सगळ्यांच्या लक्षात होता. पण लक्षात असणं निराळं आणि बोलावल्याशिवाय उठून दुसऱ्याच्या घरी जेवायला जाणं निराळं. पायच उचलेनात. सगळी चाळ धुतलेले कपडे घालून आपापल्या दारात उभी, आणि जो तो दुसऱ्याकडं बघतोय. शेवटी चाँदबी वाटी घेऊन निघाली. "अप्पा, थोडा जामन मिलता क्या?" विरजणाच्या निमित्तानं आत शिरली ती तिथंच बसली. मग कुणी निखारा मागायला गेलं, कुणी किती वाजले विचारायला. सासूबाईंनी काखेत पाट मारला. "सिद्रामकडं पाट कमी पडतील," असं मला सांगून गेल्या. तिसऱ्या वर्षापासून निमित्त लागेनासं झालं. सोलापुरात ज्या बाईला कुणी बघितलं नव्हतं, तिच्या दिवसाला आमच्या चाळीत दिवाळीसारखी वर्दळ व्हायची.

तिकडचा आणखी एक दिवस ते पाळायचे, पण त्याचा गाजावाजा नसे. दोन नोव्हेंबरला तिकडं मेलेल्या माणसांसाठी दिवे लावतात. सगळं कबरस्तान उजळून निघतं म्हणे. बार्बराबाईच्या मुलाची कबर नव्हती, म्हणून ती कुठल्या तरी बेवारशी कबरीवर त्याचा दिवा लावायची. सिद्रामप्पा तिच्याबरोबर गेले होते. तेव्हापासून त्या तारखेला ते आपल्या पायरीवर एक पणती लावायचे, त्या मुलाच्या नावानं. जित्या माणसाचा दिवस असतो आणि मेलेल्याचा दिवा, हे आमच्या चाळीतल्या पोराटोरांनाही माहीत झालं होतं.

दरसाल दसऱ्याच्या सुमाराला बाईचं एक कार्ड यायचं. तिची भाषा यांना बोलता येई, वाचता येत नसे. हे मोडीत लिहून पाठवायचे, ते तिला काय डोंबल कळणार? पण दोघंही लिहायची. "कार्ड आलं म्हंजे बाई हाय," सिद्रामप्पा म्हणायचे, आणि ते चाळभर दाखवून यायचे.

मग एकोणचाळीस साल आलं. सप्टेंबरात लढाई लागली आणि ती लागली नेमकी पोलंडवर. माझे यजमान संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे. भोंगा झाला की सिद्रामप्पा हातपायही न धुता येऊन उभे राहायचे. "आमच्या गावाचं काय?" त्या गावाचं नाव पेपरात फारसं यायचं नाही. बाँब पडले, शहरं पडली, देश पडला, हे सगळं आलं. दसरा झाला, कार्ड आलं नाही. त्यांनी स्वतः लिहिलेलं कार्ड पोस्टानं घेतलंच नाही, तिकडचं टपाल बंद आहे म्हणाले. त्या दिवसांत महादेवीबाई सांगायच्या, ताटावर बसतात आणि घास हातात धरून ठेवतात.

दोन नोव्हेंबरला सगळ्या चाळीचं लक्ष त्यांच्या पायरीकडं होतं. एक पणती लागते की दोन? कुणी तसं बोललं नाही, पण मी स्वतः तीनदा बाहेर येऊन बघितलं. सिद्रामप्पांनी एकच पणती लावली, वातीला हाताचा आडोसा धरून जरा बसले. माझे यजमान त्यांच्याजवळ गेले. त्यांचा हेतू चांगलाच होता. "सिद्रामप्पा, तिथं फार वाईट झालंय. बाई म्हातारी, एकटी. मनाची तयारी असू द्यावी. त्यांच्या नावानंही एक लावलीत तर तुम्हालाच बरं वाटेल."

सिद्रामप्पा उत्तर देताना ओरडले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. "साहेब, पेपरात तिचं नाव आलंय व्हय?"

"नाव कसं येईल?"

"मग?" असं म्हणून ते आत गेले. त्यानंतर पेपर ऐकायला ते आले नाहीत.

चार डिसेंबरला महादेवीबाई सकाळीच माझ्याकडं आल्या. "वैनी, ह्ये म्हनत्यात नेहमीसारखंच कर. मी करत्ये बटाटे. पन मला वाटतंय बाई गेली. बोलू कसं?" मलाही तसंच वाटत होतं. सगळ्यांनाच वाटत होतं. आणि त्यातूनच पुढचं झालं. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी दुपारी पिठलं-भाकरी केली, फडक्यात बांधली आणि भोंगा झाल्यावर डोक्यावरून पदर ओढून घेतला. मी त्यांच्या मागून निघाले तर अंगणात चाँदबीही तशीच, ओढणीत तोंड घेऊन. पुरुषांनी पटके काढलेले. आम्ही सगळे खाली मान घालून सिद्रामप्पांच्या घरात शिरलो आणि भिंतीला टेकून, एकमेकांशी न बोलता बसलो. सासूबाईंनी भाकरीचं फडकं चुलीजवळ नेऊन ठेवलं, मयताच्या घरी ठेवतात तसं.

सिद्रामप्पा आतून आले. अंगावर धुतलेला कोट, पटका. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, मग फडक्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. मग ते सासूबाईंच्या पुढं येऊन हात जोडून उभे राहिले.

"मावशी, भाकरी उचला. माजी चूल पेटलीय."

"सिद्राम, आरं..."

"उचला. आन समद्यांनी उठा. घरी जावा, तोंडं धुवा, आन परत या. सणाला येतात तसं या. आज सण हाय तिचा."

कुणी हलेना. सासूबाईच बोलल्या, दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. "आन ती नसली तर, बाळा?"

"नसली तर कळल की कवातरी. मग लावीन दिवा. पन कळंपातुर मी तिला मारनार न्हाई, मावशी. तेवढं माज्यानं व्हनार न्हाई."

सासूबाईंनी फडकं उचललं. आम्ही सगळे उठलो आणि घरी गेलो. मी तोंड धुतलं, ते दोनदा धुवावं लागलं. सासूबाईंनी ट्रंकेतलं इरकली लुगडं काढलं, पुतण्याच्या लग्नात नेसलेलं, आणि मला म्हणाल्या, "केसात फूल घाल. निस्ती बघत काय उभी राहिलीस?" चाँदबीनं अत्तर लावलं. पुरुषांनी पटके बांधले. आणि मग आम्ही परत निघालो, या खेपेला बोलत, हसत, मुद्दाम जरा मोठ्यानंच. सिद्रामप्पा दारात उभे होते. येईल त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन "या, या" म्हणत होते, पूर्वीसारखेच ओरडून.

जेवताना त्यांनी आम्हाला बार्बराबाईचं आज काय चाललं असेल ते सांगितलं. तिचा जिना अंधारा आहे, त्यावर आज गर्दी असेल. ती प्रत्येकाला म्हणत असेल, कशाला तसदी घेतलीत. गुडघे दुखतात तिचे, पण बसणार नाही, सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय बसत नाही ती. हे सगळं ते 'आहे', 'असेल' असंच बोलत होते. आम्ही मान डोलवत होतो आणि हसत होतो. मला पोटातून रडू येत होतं, पण सणाला आलो होतो, रडायची सोय नव्हती.

नवीन साल लागलं तसं यजमानांना बार्शीला नोकरी लागली आणि आम्ही सोलापूर सोडलं. नंतर माझी आणि सिद्रामप्पांची भेट नाही. माझ्या डोळ्यांपुढं आहेत ते त्या चार डिसेंबरच्या संध्याकाळचे. सगळे पांगले होते, सासूबाईंचा पाट विसरला म्हणून मी तो न्यायला गेले. सिद्रामप्पा उंबऱ्यात बसून चाळीच्या फाटकाकडं बघत होते. महादेवीबाईंनी दार लावायला घेतलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे जरा," ते म्हणाले. "कुनी यायचं ऱ्हायलं असल."